कथेचा आशय कोठे असतो?

लघुकथेच्या अध्यापनात 'पात्रे', 'वातावरण' आणि 'कथानक' हे तीन शब्द इतके रुळून गेले आहेत की, त्यांचा अर्थ विचारण्याची गरज आता कोणालाच भासत नाही. फळ्यावर तीन रकाने पाडावेत, पहिल्यात पात्रांचे स्वभावविशेष लिहावेत, दुसऱ्यात स्थळकाळ, तिसऱ्यात घडलेल्या घटना; आणि मग उरलेल्या जागेत, बहुधा तास संपल्याची घंटा होता होता, 'आशय' म्हणून एक वाक्य लिहून द्यावे, अशी ही पद्धत आहे. पंचवीसहून अधिक वर्षे मीही याच पद्धतीने शिकवीत आलो. त्यामुळे पुढे जे लिहीत आहे त्यातील बराचसा रोख माझ्याच फळ्यावर आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या पद्धतीतला दोष तिच्या विभागणीत नाही. विभागणी ही अभ्यासाची सोय आहे आणि ती करावीच लागते. दोष आहे तो चौथ्या ओळीत. तेथे आपण जे लिहितो ते पहिल्या तीन रकान्यांतून आलेले नसते. ते आपल्याला आधीच ठाऊक असलेले एखादे सुभाषित असते : 'दारिद्र्य वाईट', 'माणुसकी श्रेष्ठ', 'नियती निष्ठुर'. जुन्या क्रमिक पुस्तकांत याला 'तात्पर्य' म्हणत. 'आशय' हा शब्द आपण उचलला तो अधिक खोल म्हणून. पण वापरला मात्र त्या जुन्याच जागी. परिणाम असा की, विद्यार्थी कथा वाचतो एक आणि तिचा आशय म्हणून लिहितो दुसरेच काही, आणि त्याला पूर्ण गुण मिळतात.

हा प्रश्न जुना आहे. १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना एडगर ॲलन पो याने परिणामाच्या एकतेचा आग्रह धरला. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये 'प्रतिभासाधन' लिहून तंत्राची चर्चा मराठी वाचकाच्या घरात आणली. पुढे गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने त्या तंत्राच्या चौकटी खिळखिळ्या केल्या, आणि कथानकाला दुय्यम स्थान आले असे आपण सर्वजण म्हणू लागलो. ते अर्धेच खरे आहे. नवकथेने वजा केला तो योगायोग आणि कलाटणी. घटना तिने टाकून दिली नाही, तिचा आकार मात्र लहान केला. तो किती लहान होऊ शकतो याचे एक उदाहरण पाहू.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) मधील 'धर्मा रामोशी' ही आपणा सर्वांच्या शिकवण्यातली कथा. या पुस्तकातील लेखनाला कथा म्हणावे की व्यक्तिचित्रे, असा वाद अनेक वर्षे चालत आलेला आहे. 'धर्मा रामोशी'पुरते माझे उत्तर असे की, ते बराच काळ व्यक्तिचित्र असते आणि शेवटी एका धोतरामुळे कथा होते. म्हातारा धर्मा आपल्या समोर येतो तो त्याच्या उपासमारीसह, गावाशी असलेल्या त्याच्या पिढीजात नात्यासह आणि त्या नात्यातूनच आलेल्या संकोचासह. निवेदक त्याला धोतर देतो. येथपर्यंत जे चालले आहे त्याला घटना म्हणवत नाही. खेड्यातल्या वाड्यावर असे देणेघेणे नेहमीचेच. पण पुढे आपण पाहतो तेव्हा धोतर धर्माच्या अंगावर नसते, ते त्याच्या लेकीच्या अंगावर असते.

एवढीच घटना. वस्त्र एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेले. तिच्यात रहस्य नाही, संघर्ष नाही, संवादाची चमक नाही. पण आता मागे वळून पाहावे. धर्माचा जो स्वभाव आपण पहिल्या रकान्यात 'स्वाभिमानी, गरीब, प्रेमळ' असा लिहून मोकळे झालो होतो, तो या क्षणी प्रथमच कळतो. त्याने धोतर घेतले तेव्हा ते कोणासाठी घेतले होते हा प्रश्न आपण विचारलाच नव्हता. देणाऱ्यानेही विचारला नव्हता. देणाऱ्याला वाटले, आपण एका म्हाताऱ्याची लाज झाकली. प्रत्यक्षात त्या घरात झाकण्याजोगी लाज आणखी एक होती आणि ती दृष्टीआड होती. म्हणजे कथेचा आशय 'दारिद्र्य' हा नव्हेच. दारिद्र्याकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या भल्या माणसालाही ते किती थोडे दिसते, हा तो आशय आहे. आणि ते थोडे दिसणे पुन्हा निवेदकाच्याच डोळ्यांतून आपल्याला दिसते. निवेदक हे या कथेतील दुसरे महत्त्वाचे पात्र. त्याच्या नावाचा रकाना मी कित्येक वर्षे फळ्यावर पाडलाच नव्हता.

आणि परिसर? माणदेशच्या कोरड्या मुलखाचे वर्णन तेथे शोभेसाठी येत नाही. पाऊसपाणी असलेल्या गावात धर्माच्या घरी निदान भाकरी तरी असती, आणि मग धोतराला हे वजन आले नसते. कथेतून परिसर काढून पाहण्याची ही चाचणी मला वर्गात फार उपयोगी पडली आहे. हीच माणसे, हीच घटना दुसऱ्या गावी नेऊन ठेवली तर काय बिघडते? काहीच बिघडत नसेल तर तो परिसर म्हणजे नाटकाचा पडदा, कोणत्याही प्रवेशाला चालणारा. बिघडत असेल तर जे बिघडते तेथेच आशयाचे मूळ आहे.

ही चाचणी आमच्या निपाणीला लावून पाहावी. निपाणीचा परिसर म्हटला की तंबाखू आला. पण 'तंबाखू' हा काही परिसर नव्हे, ते पीक आहे. आणि त्या एका पिकाभोवती निदान तीन जग उभी आहेत. एक पिकविणाऱ्याचे, जो माल घातल्यावर भावाची वाट पाहतो. दुसरे व्यापाऱ्याचे, जो वखारीच्या गादीवर बसून भाव सांगतो. तिसरे वखारीत राबणाऱ्या बाईचे, जिला पिकाचा भाव काहीही निघाला तरी खकाणाच वाट्याला येतो. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडले, आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. त्या घटनेवर कथा लिहू पाहणाऱ्याला आधी ठरवावे लागेल की, तो तिघांपैकी कोणाच्या दारात उभा आहे. पिकविणाऱ्याच्या दारातून तो लढा आहे. वखारीतल्या बाईच्या दारातून तेच दिवस बुडालेल्या रोजाचेही असू शकतात. पात्र बदलले की परिसर बदलतो, आणि आशय तर ओळखू येणार नाही इतका बदलतो.

याच वखारींवर आणि त्यांतल्या कामकरी स्त्रियांवर डॉ. अनिल अवचट यांनी लिहिले आणि ते लेखन साऱ्या महाराष्ट्राने वाचले. ते वृत्तांतलेखन आहे, आणि त्या जातीचे ते अस्सल लेखन आहे. अवचट बाहेरून आले, त्यांनी विचारले, पाहिले, नोंदले. 'ही परिस्थिती अशी का?' हा त्यांच्या लेखनाचा प्रश्न. महादेव मोरे निपाणीतच राहिले. पिठाची गिरणी चालवीत त्यांनी कथा-कादंबऱ्या लिहिल्या, आणि २०२४ मध्ये ते गेले तोवर गावातल्या माणसांनी त्यांना लेखक म्हणून जितके ओळखले, तितकेच गिरणीवाले म्हणूनही ओळखले. वखारीतल्या बाया, मोटारींचे ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरे, देवाला सोडलेल्या स्त्रिया, फिरते विक्रेते ही त्यांची माणसे. त्यांच्या कथेत प्रश्न असा असतो : 'या परिस्थितीत ही बाई आज संध्याकाळी काय करील?' वृत्तांताचा आणि कथेचा फरक मला याहून सोप्या शब्दांत सांगता येत नाही.

मोऱ्यांच्या बाबतीत समीक्षेने एक अन्याय केला आहे, आणि तो त्यांचे कौतुक करीत केला आहे. 'सीमाभागाचे लेखक', 'उपेक्षितांचे लेखक' अशी विशेषणे त्यांना लावली गेली. विशेषण लावले की कथा उघडून पाहण्याचे काम वाचते. परिसराचे अस्सलपण हा त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो, बोलीचे नमुने उद्धृत केले जातात, निपाणीच्या मराठीत कानडी शब्द कसे मिसळले आहेत हे दाखविले जाते, आणि लेख संपतो. पण बोली ही काही भिंतीवर टांगण्याची वस्तू नव्हे. निपाणीच्या बाजारात माणूस मराठीतून भाव करतो, कानडीतून शिवी हासडतो आणि मालकाशी बोलताना पुन्हा तिसराच सूर लावतो. तो कोणत्या शब्दावर कोणत्या भाषेत शिरतो यावरून त्याची त्या क्षणीची पायरी कळते. बोली येथे पात्रचित्रणाचे काम करते, परिसराचेही करते, आणि पुष्कळदा घटनाही तीच असते. जो गडी मालकापुढे आयुष्यभर एका सुरात बोलला, त्याचा सूर एके दिवशी बदलला, तर आणखी कोणती घटना हवी?

याबरोबर हेही सांगितले पाहिजे की, मोऱ्यांना त्यांच्या माहितीचा मोह कधीकधी आवरत नाही. धंद्याचे इतके तपशील, इतकी माणसे आणि इतक्या लकबी त्यांच्यापाशी होत्या की कथेची वाट मध्येच बाजारात हरवते. वाचताना आपण निपाणी पाहून येतो, पण ज्या माणसाबरोबर निघालो होतो तो गर्दीत सुटतो. मात्र हा समृद्धीचा दोष आहे. आमच्याकडच्या पुष्कळ लेखकांना तो लाभण्याची शक्यता नाही.

सीमेवरच्या या मुलखाने मराठी कथेला दुसरा जो कथाकार दिला तो याच्या अगदी उलट टोकाचा. गुरुनाथ आबाजी कुलकर्णी, म्हणजे जी. ए., यांचे शिक्षण बेळगावात झाले आणि नोकरीचे आयुष्य धारवाडात इंग्रजी शिकविण्यात गेले. 'निळा सावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२), 'रक्तचंदन' (१९६६) या संग्रहांतील कितीतरी कथा या भागातल्या घरांतल्या आहेत. बोळातली घरे, परसातली झाडे, कानडी वळणाची नावे हे सारे त्यांत आहे. पुढे 'काजळमाया' (१९७२), 'रमलखुणा' (१९७५), 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहांत हा ओळखीचा परिसर पुष्कळ ठिकाणी विरत गेला, आणि नाव-गाव नसलेले वाळवंट, डोंगर, नगरे येऊ लागली. टीकाकारांनी यावर एक सोयीचा निष्कर्ष काढला : जी. एं.नी परिसर सोडला आणि ते नियतीकडे वळले. माझ्या मते त्यांनी परिसर सोडला नाही. परिसराला त्यांनी कथेतील कर्त्याची जागा दिली. कॉनराड रिक्टरच्या कादंबऱ्यांचे 'रान', 'शिवार', 'गाव' असे अनुवाद ज्याने केले, त्याला भूमी हेच पात्र असू शकते हे वेगळे शिकविण्याची गरज नव्हती.

'पिंगळावेळ'मधील 'स्वामी' पाहा. एक प्रवासी आडजागी अडकतो. एक महंत त्याला आदराने मठात नेतो. आणि मग कळते की तो येथून बाहेर पडणार नाही. जमिनीखालच्या खोलीत त्याला 'स्वामी' म्हणून ठेवण्यात आले आहे, आणि मठाचे व गावाचे कल्याण त्याच्या तेथे असण्यावर अवलंबून आहे. त्याला अन्न मिळते, मान मिळतो. मिळत नाही ते एवढेच की जिना चढून वर यावे.

रूढ अर्थाने या कथेचे कथानक दार बंद झाले तेथे संपते. 'पुढे काय झाले?' या प्रश्नाला आता उत्तर उरत नाही, कारण पुढे काही होण्याची सोयच ठेवलेली नाही. पात्र म्हणाल तर त्या माणसाचे नाव वाचकाच्या ध्यानात राहत नाही, त्याची अवस्था राहते. म्हणजे तीन रकान्यांपैकी दोन जवळजवळ रिकामे झाले आणि राहिली ती खोली. पण ही खोली एकाच वेळी तिन्ही कामे करते. ती स्थळ आहे. ती प्रतिपक्षाचे पात्रही आहे, कारण महंतापेक्षा तिचे मौन अधिक निर्दय आहे. आणि घटनाही तिच्यातच घडते : तिच्यातून वर उजेडाकडे एक वेल चढू लागते. एरवी वेल वाढणे ही घटना नव्हे. आमच्या शाळेच्या कुंपणावर वेली वाढतात, कोणी पाहत नाही. पण ज्या जागी वाढीला वावच नाही तेथे वेलीचे एक पान फुटणे हे कथानकातील वळण होते, आणि वाचक श्वास रोखून त्या पानाकडे पाहतो.

आता 'नियती' या शब्दाने काय साधले? नियतीने माणसाला कोंडले, एवढाच आशय असता तर कथा दार बंद होताच संपायला हवी होती. जी. ए. तिला पुढे नेतात ते वेलीसाठी. त्या माणसाचे मन अखेरीस स्वतःच्या सुटकेभोवती घोटाळत नाही. आपल्याला जो उजेड मिळणार नाही तो वेलीला मिळावा, या इच्छेशी ते एकरूप होते. ही शरणागती आहे की विजय, यावर मी सहकाऱ्यांशी अनेकदा वाद घातला आहे. माझे मत दोन्ही बाजूंनी झुकलेले आहे. आज लिहिताना ते विजयाकडे झुकते. पण हा वाद करता येतो तो खोली, माणूस आणि वेल या तिघांना एकत्र धरले तरच. 'नियती' असे एका शब्दात उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याशी वादच संभवत नाही.

आणखी एक गोष्ट बेळगावकडच्या वाचकालाच विशेष जाणवेल. आमच्या भागात मठ, स्वामी, महंत हे रोजच्या व्यवहारातले शब्द आहेत. जत्रा मठाची, जेवण मठाचे, पुष्कळ ठिकाणी शाळाही मठाची. त्यामुळे मठात आदराने बोलावले जाणे या आरंभात आम्हांला काहीच वावगे वाटत नाही, आणि म्हणूनच पुढचे भय अधिक खोल उतरते. गावाचे नाव पुसले तरी परिसर पुसला जात नाही, तो असा.

हे सर्व आज लिहावेसे वाटले त्याला एक निमित्त आहे. कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कारदगा अशा ठिकठिकाणी आमच्याकडे ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. गावकरी वर्गणी काढतात, ग्रंथदिंडी निघते, आणि मुले लिहिती होतात. हे या भागाचे मोठे भाग्य आहे. अशाच निमित्ताने एका कथास्पर्धेच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे आणि आणखी एका गृहस्थांकडे आले होते. आलेल्या कथांपैकी बहुतेक सीमाप्रश्नावर होत्या. ते स्वाभाविक आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. इतक्या वर्षांचे दुःख मुलांच्या लेखणीत उतरणारच.

पण त्या कथांत दुःख नव्हते, दुःखाविषयीची वाक्ये होती. नायक मोर्चात जातो, लाठी खातो, घोषणा देतो. आई अश्रू पुसते. आणि शेवटच्या परिच्छेदात लेखक स्वतः उभा राहून आशय सांगतो. आमचीच चौथी ओळ कथेच्या शेवटी येऊन बसलेली होती. मुलांचा यात काय दोष? आम्ही त्यांना आशय कथेच्या बाहेर शोधायला शिकविले, त्यांनी तो बाहेरून आणून आत ठेवला.

त्या गठ्ठ्यात दहावीतल्या एका मुलीची कथा होती. आजीच्या नावाने सरकारी कचेरीतून एक कानडी कागद येतो. घरात तो कोणाला वाचता येत नाही. आजी तो घेऊन वखारीतल्या आपल्या जुन्या मैत्रिणीकडे जाते. ती कानडी आहे, पण तिला अक्षरओळख नाही. दोघी चहा पितात, वखारीतल्या दिवसांच्या गप्पा मारतात, मैत्रीण कागद उलटासुलटा करून पाहते आणि 'काही वाईट नसेल गं' म्हणते. संध्याकाळी नात शाळेतून येते. शाळेत कानडी शिकत असल्यामुळे ती अक्षरे लावून लावून कागद वाचते, पण तिला शब्द वाचता येतात, अर्थ लागत नाही. अर्थ मैत्रिणीला लागतो. नात वाचते, मैत्रीण ऐकून आपल्या मोडक्या मराठीत सांगते, आणि आजी दोघींच्या तोंडाकडे पाहत बसते. कागदात काय होते हे कथेत शेवटपर्यंत येत नाही.

मी तिला पहिल्या क्रमांकाचे गुण दिले. माझ्या सहपरीक्षकांनी तिला उत्तेजनार्थही धरले नाही. ते वाईट गृहस्थ नव्हेत. वाचन चांगले, तळमळ खरी. त्यांनी गुणपत्रिकेवर शेरा लिहिला होता : 'वातावरण ठीक. पात्रे ठीक. कथानक नाही. सीमाप्रश्नाचा आशय कोठेच नाही.'

मी त्यांना विचारले, एका घरात आलेला कागद वाचायला तीन बायका लागतात, एकीचे डोळे, दुसरीचे कान आणि तिसरीचे नाव, हे कथानक नव्हे काय? त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, 'पण तिने तसे कोठे लिहिले आहे?' आमच्या गुणांची बेरीज झाली, सरासरी निघाली आणि ती कथा सातव्या क्रमांकावर गेली. बक्षिसे तीन होती.

हस्तलिखिते परत करताना मी तिचे पुन्हा चाळले. दोघी चहा पितात तेथे एक वाक्य आहे, पहिल्या वाचनात माझ्याही नजरेतून सुटलेले : मैत्रीण बशी उचलते तेव्हा कागदावर ओला गोल उमटलेला असतो, आणि आजी तो पदराने पुसत नाही, त्यावर फुंकर घालते.